डब्याआधी अंगाकडे पाहा: खान्देशच्या उन्हात सराव करताना स्नायू कसे जपावेत आणि सप्लिमेंट कसे पारखावे

चैत्र संपत आला की खान्देशातल्या मैदानांवर पहाटे साडेचारपासूनच पावले वाजू लागतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली-मुले, सैन्यभरतीकडे डोळे लावून बसलेले तरुण, आखाजीच्या सुमारास होणाऱ्या कुस्त्यांसाठी अंग कमावणारे पैलवान आणि तालुक्याच्या गावीही आता निघालेल्या जिममध्ये जाणारे नोकरदार, या सगळ्यांना कमी दिवसांत जास्त ताकद हवी असते आणि त्यासाठी डब्यातली कोणती ना कोणती पावडर हाताशी असते. पावडर चांगली की वाईट, असा प्रश्न मला रोज विचारला जातो. बावीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून मैदानावर उभे राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आज आपल्या स्नायूंना किती भार पेलवेल, हा पहिला. हे मी एका मुलाकडून शिकलो.

तो एकोणीस वर्षांचा होता. हरभऱ्याची काढणी आणि घरातले लग्न यांमुळे त्याचा दीड महिना सराव सुटला होता. एप्रिलच्या मध्यावर तो परतला आणि पहिल्याच संध्याकाळी मित्रांशी पैज लावून त्याने चारशे बैठका मारल्या. त्याआधी ओळखीतल्या एकाने कागदाच्या पुडीतून दिलेली कसलीशी पावडर त्याने पाण्यातून घेतली होती. दुसऱ्या दिवशी तो पाय फाकवून, कडेकडेने चालत मैदानावर आला आणि म्हणाला, "सर, मांड्या भरी गयात." मी नेहमीच्या सवयीने त्याला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या, म्हणजे अंग मोकळे होईल. ते सांगणे चुकीचे होते आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. त्या रात्री त्याने दुखणे थांबवणारी गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वडिलांनी मला घरी बोलावले आणि प्लास्टिकच्या बाटलीत धरलेली त्याची लघवी दाखवली. बराच वेळ उकळत राहिलेल्या कोऱ्या चहाचा जो रंग असतो, तोच तिचा रंग होता. मुलाच्या मांड्यांवर बोट दाबले तर ते आत जाईना, इतक्या त्या ताठरल्या होत्या. रक्ताच्या तपासणीत सीपीके नावाचा आकडा साठ हजारांच्या वर निघाला. निरोगी माणसात तो साधारण 200 च्या आत असतो. नऊ दिवस सलाईन चालले, मूत्रपिंडे बचावली आणि मुलगा घरी आला.

स्नायूच्या आत नेमके काय होते

या विकाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. नाव अवघड असले तरी घडते ते समजण्यासारखे आहे. स्नायूची पेशी आकसते आणि सैल होते, आणि या दोन्ही कामांना इंधन लागते. हे इंधन संपेपर्यंत पेशीला राबवले, तर पेशीतले कॅल्शियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, कॅल्शियम आत साचते आणि ते पेशीतलीच पाचक द्रव्ये जागी करून पेशीला आतून पोखरते. पेशी फुटली की तिच्यातला माल रक्तात उतरतो. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली मायोग्लोबिन, हे तांबूस प्रथिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकून त्यांना इजा करते आणि लघवीला चहाचा किंवा कोलाचा रंग आणते. दुसरी पोटॅशियम, ते रक्तात अचानक वाढले तर हृदयाचा ठोका बिघडतो, आणि या आजारात लवकर मृत्यू ओढवतो तो बहुधा यामुळेच. तिसरी सीपीके, ते स्वतः फारसे अपाय करत नाही, पण किती पेशी फुटल्या याचा अंदाज त्यावरून येतो. सर्वसाधारण मर्यादेच्या पाचपट, म्हणजे सुमारे 1000 च्या वर आकडा गेला की डॉक्टर या आजाराचा विचार करू लागतात. मेहनतीनंतर एक ते तीन दिवसांत हा आकडा शिखरावर पोहोचतो, म्हणून पहिल्या दिवशीची तपासणी बरी आली तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

मूत्रपिंडे आणि चिरडलेले स्नायू यांचा संबंध वैद्यकाला नीट उमगला तो 1941 मध्ये, लंडनवरच्या बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसांवरून. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ते लिहून ठेवले. मैदानावर डोक्यावर भिंत कोसळत नाही, पण सवय नसलेल्या स्नायूला एका बैठकीत शेकडो वेळा राबवले तर पेशींची गत त्याच जातीची होते. त्यातही स्नायू ताणला जात असताना भार पेलावा लागतो, अशा हालचाली जास्त बाधतात: बैठकीत खाली जाणे, टेकडीवरून धावत उतरणे, पुल-अप्सनंतर हळूहळू खाली येणे. जोर-बैठका वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. आपल्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या हजार-हजार बैठकांचे पैलवान घडवले. पण ते हजारावर पोहोचले वर्षांच्या मेहनतीने, आणि वस्तादाची नजर त्यांच्यावर रोज असे.

भार कसा वाढवावा

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पडला असेल, आजारपणातून उठला असाल किंवा प्रकारच नवा असेल, तर आपण जिथे थांबलो होतो तिथून सुरुवात करू नये. अमेरिकेतल्या ताकद-प्रशिक्षकांच्या संघटनांनी 2019 मध्ये दिलेला एक हिशेब मला फार उपयोगी वाटतो आणि मी तो आता सर्वांना लावतो. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या भारातून 50 टक्के वजा करावे आणि दुसऱ्या आठवड्यात 30 टक्के. पूर्णपणे नवीन असलेल्याने तिसऱ्या आठवड्यात 20 आणि चौथ्यात 10 टक्के वजा करावे. एखादा मुलगा पूर्वी दोनशे बैठका सहज मारत असेल, तर परतल्यावर त्याच्या वाट्याला शंभर येतील, त्याही पाच-सहा तुकड्यांत आणि मध्ये विश्रांती घेऊन. शंभरनंतर त्याला ताकद उरल्यासारखे वाटेल. ती उरू द्यावी.

पैज, शिक्षा म्हणून दिलेल्या उठाबशा, आणि 'शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला' असले खेळ या तिन्हींना मैदानावरून हद्दपार करावे, असे माझे सर्व प्रशिक्षकांना आणि माझ्या शिक्षक सहकाऱ्यांना कळकळीचे सांगणे आहे. तीव्र व्यायामानंतर रुग्णालयात पोहोचलेल्या तरुणांच्या गोष्टी ऐकल्या की बहुतेकांत एक बाब समान सापडते: थांबावेसे वाटत होते आणि थांबता आले नाही.

साधे अंगदुखणे आणि धोक्याचे दुखणे यांत फरक करता आला पाहिजे. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते, जिना उतरताना चेहरा वाकडा होतो, पण हालचाल सुरू केली की जरा बरे वाटते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते ओसरते. धोक्याचे दुखणे मेहनतीच्या मानाने फारच जास्त असते. स्नायू सुजतो, ताठरतो, कोपर सरळ होत नाही किंवा खाली बसल्यावर उठता येत नाही, आणि ताकदच गेल्यासारखी वाटते. लघवी चहासारखी गडद झाली तर शंका उरत नाही. पण गडद लघवी प्रत्येकाला होतेच असे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आपल्या भागातल्या दोन खास गोष्टी

पहिली म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि तापीकाठी रात्रही लवकर निवत नाही. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. पुण्या-नाशिकहून सुट्टीत गावी आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी गावातल्या मुलांबरोबर पूर्ण सराव करू नये. सकाळी सातपर्यंत सराव आटोपावा. सरावाच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करावे. कमी झालेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले असे समजावे, आणि ही घट शरीराच्या वजनाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त होऊ देऊ नये. नुसते पाणी लिटरमागून लिटर पिणेही बरे नाही, कारण रक्तातले मीठ पातळ होऊन चक्कर, उलटी आणि क्वचित झटके येऊ शकतात. तासापेक्षा लांबलेल्या सरावात मीठ घातलेले ताक, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पुरते. चमचा चहाचा असावा.

कोणी धावता धावता अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी आधी थंड करावे आणि मग हलवावे, हा क्रम सोडू नये. विहिरीजवळचा हौद, गुरांची पाण्याची टाकी, जे जवळ असेल त्यात त्याला मानेपर्यंत बसवावे, डोके दोघांनी धरून ठेवावे आणि त्याच वेळी तिसऱ्याने 108 ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही देऊ नये. उष्माघात आणि स्नायूंची मोडतोड पुष्कळदा हातात हात घालून येतात.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. नंदुरबार जिल्ह्यात, धुळ्याच्या शिरपूर-साक्रीकडे आणि सातपुड्याच्या कुशीतल्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा जनुक बऱ्याच जणांत आढळतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो आला असेल, तर माणूस 'वाहक' असतो. त्याला सहसा कसलाही त्रास नसतो आणि तो उत्तम धावपटूही होऊ शकतो. पण 2016 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या जवळजवळ 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त नव्हते, मात्र मेहनतीमुळे होणाऱ्या रॅब्डोमायोलिसिसचा धोका सुमारे दीडपट होता. त्यामुळे वाहकाने खेळ सोडायचा नसतो. त्याने भार हळूहळू वाढवायचा, दोन जोरदार धावांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यायची, उन्हात पाण्याची हयगय करायची नाही आणि पोटऱ्या-मांड्या अचानक निकामी वाटल्या तर त्याच क्षणी बसायचे. शासकीय दवाखान्यांत ही तपासणी होते आणि 2023 पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. ज्यांच्याकडे तपासणीचे कार्ड असेल त्यांनी ते प्रशिक्षकाला दाखवावे, आणि प्रशिक्षकाने ते चारचौघांत बोलून दाखवू नये.

ताप, जुलाब, आदल्या रात्रीचे मद्य, अपुरी झोप, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन गटातली गोळी, यांनीही धोका वाढतो. अंगात ताप असताना सराव करणे ही जिद्द नव्हे.

आधी ताट, मग डबा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. स्नायू कमावण्याची मेहनत करणाऱ्याला दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास लागतात. त्याच्या पुढे गेल्यावर फायदा फारसा वाढत नाही. साठ किलोच्या मुलासाठी हे 96 ग्रॅम झाले. आता आपल्याकडचा दिवस मोजून पाहू. दादर ज्वारीच्या तीन भाकरी, प्रत्येकी 60 ग्रॅम पिठाच्या: 18 ग्रॅम. कोरडी 60 ग्रॅम तुरीची किंवा उडदाची डाळ: 13 ग्रॅम. अर्धा लिटर दूध: 16. पन्नास ग्रॅम शेंगदाणे: 12. पन्नास ग्रॅम फुटाणे: 10. दोन अंडी: 12. तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या: 15. बेरीज बरोबर 96 होते. अंडी न खाणाऱ्याने साठ-सत्तर ग्रॅम पनीर किंवा जास्तीचे दही घ्यावे. आणि आपल्या कळण्याच्या भाकरीला कमी लेखू नये: ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते ते उडीद भरून काढतो, उडदात मेथिओनिन कमी असते ते ज्वारी देते. सरावानंतर दोन केळी आणि मूठभर दाणे, हा जळगावच्या मुलाला दारात मिळणारा उत्तम अल्पोपाहार आहे.

हे सगळे ज्याला जमत नाही, जो वसतिगृहात राहतो किंवा ज्याची पाळी रात्रीची असते, त्याच्यासाठी व्हे प्रथिनाची पावडर ही सोय आहे. ती दुधापासून चीज करताना उरणाऱ्या निवळीची वाळवलेली प्रथिने असते, औषध नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत प्रथिन पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे, आणि मैदानावरच्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत तो मला पटतो. अठराच्या आतल्यांना मी कोणताही डबा घेऊ देत नाही.

डबा पारखायचा कसा

भारतात बाजारातल्या 36 प्रथिन पावडरी तपासून 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 70 टक्के डब्यांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे लिहिलेले आढळले, आणि काहींत तर लिहिल्याच्या निम्मेच प्रथिन होते. काही नमुन्यांत बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, सापडले. अशी फसवणूक शक्य होते याचे एक कारण तपासणीच्या पद्धतीतच आहे: नेहमीच्या चाचणीत प्रथिन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त द्रव्ये मिसळली की आकडा फुगतो. घटकांच्या यादीत ही नावे वरच्या भागात दिसली, तर तो डबा घेऊ नये.

डबा हातात घेतल्यावर पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या दुकानातच पाहाव्यात, घरी आल्यावर नव्हे. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी परवाना क्रमांक असला पाहिजे, आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकल्यावर त्याच उत्पादकाचे नाव निघाले पाहिजे. परदेशी मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि त्याचाही परवाना क्रमांक हवा. तो नसेल तर तो माल कोणत्या वाटेने आला हे कोणीच सांगू शकत नाही. 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची सूचना, रोजचे प्रमाण, ते ओलांडू नये असा इशारा, बॅच क्रमांक आणि मुदत हे सगळे छापील असावे, वरून चिकटवलेले नव्हे. झाकणाखालचे सील अखंड असावे. खरवडून पाहायचा कोड असेल, तर डब्यावरचा चौकोन स्कॅन करून उघडलेल्या पानावर विसंबू नये, कंपनीचे संकेतस्थळ आपण स्वतः टंकून तिथे कोड घालावा; बनावट माल विकणारे पानही बनावट बनवतात. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असे लिहून घटकांचे वेगवेगळे प्रमाण लपवलेले असेल, तर डबा परत ठेवावा. पक्के बिल घ्यावे. ते नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार नेताना हातात काहीच राहत नाही.

सुटी पावडर तर कधीच घेऊ नये, कितीही जवळच्या माणसाने दिली तरी. पुडीला परवाना क्रमांक नसतो.

ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिन या पावडरीविषयी लोकांत विनाकारण भीती आहे आणि विनाकारण उत्साहही. निरोगी प्रौढाने साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम घेतले, तर थोड्या वेळाच्या जोरदार मेहनतीत, म्हणजे गोळाफेक, 100 मीटर धाव किंवा वजन उचलणे यांत, त्याचा उपयोग होतो, आणि या प्रमाणात निरोगी मूत्रपिंडाला अपाय झाल्याचा पुरावा नाही. सुरुवातीला आठवडाभर 20 ग्रॅम घेण्याची गरज नसते. त्याने पोट मात्र बिघडते. डब्यातल्या चमच्यावर विसंबू नये. ग्रॅमचा छोटा काटा बाजारात मिळतो, आणि सोन्याच्या जळगावात ग्रॅमची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते. म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगावे, नाहीतर मूत्रपिंड बिघडल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार, मुतखड्याचा वारंवार त्रास किंवा रक्तदाब आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

प्री-वर्कआउट, म्हणजे सरावाआधी घ्यायच्या पावडरी, आणि चरबी जाळतो असे सांगून विकले जाणारे 'फॅट बर्नर' यांच्याबाबत मी कठोर आहे. त्यांचा जोर बहुतेक कॅफिनचा असतो. निरोगी प्रौढाने दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. घरच्या एका कप चहात 30 ते 65 मिलिग्रॅम असते, तर या पावडरींच्या एका स्कूपमध्ये दीडशे ते तीनशे सहज असते. दोन स्कूप, वर चहा, वर एनर्जी ड्रिंक, आणि मर्यादा संपली. शुद्ध कॅफिनची पावडर तर घरातच आणू नये. तिच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे 3200 मिलिग्रॅम कॅफिन बसते आणि त्याने माणूस दगावू शकतो. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. थकवा हा स्नायूचा राखणदार आहे. उत्तेजक द्रव्य त्या राखणदाराला झोपवते, इंधन मात्र वाढवत नाही, आणि शरीराची उष्णता चढवते. 45 अंशांच्या दिवसांत, खंड पडलेल्या अंगाने, असा स्कूप घेऊन पैजेला उतरणे म्हणजे काय, ते मी त्या बाटलीत पाहिले आहे.

डीएमएए, इफेड्रिन, डीएनपी या घातक द्रव्यांपैकी कोणतेही नाव दिसले तर त्या वस्तूला हातही लावू नये. इंजेक्शनांविषयी एवढेच सांगतो: मेफेंटरमाईन हे भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी रुग्णालयात वापरायचे औषध आहे, आणि जिममध्ये किंवा भरतीच्या मैदानामागे ते टोचून घेणे हृदयाशी खेळणे आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या यकृत, हृदय आणि पुरुषाची जननक्षमता यांना इजा करतात. वजनगटात बसण्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या पैलवानांनी 1997 ची गोष्ट ऐकावी: अमेरिकेत महाविद्यालयीन स्पर्धांचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने, वजन उतरवण्यासाठी रबरी कपडे घालून गरम खोलीत घाम काढताना मरण पावले. सुरुवातीला संशय क्रिएटिनवर गेला. कारण निघाले ते कोरडे पडलेले, तापलेले शरीर.

जे स्पर्धेत उतरतात त्यांच्यासाठी आणखी एक बाब आहे. नमुन्यात बंदी घातलेले द्रव्य सापडले, तर ते डब्यातल्या भेसळीतून आले हे कारण खेळाडूला आपोआप सोडवत नाही. शरीरात काय जाते याची जबाबदारी त्याचीच मानली जाते, आणि 2022 पासून आपल्या देशात याविषयी स्वतंत्र कायदाही आहे. सर्दीची गोळी घेतानाही नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 'नो युवर मेडिसिन' या अ‍ॅपवर तिचे नाव तपासावे.

शंका आली तर

लघवी पाहायची सवय सर्वांनी लावून घ्यावी. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. जीवनसत्त्वाच्या गोळीने ती झगझगीत पिवळी होते आणि बीट खाल्ल्याने तांबूस, त्यांनी घाबरू नये. मात्र मेहनतीनंतर ती चहासारखी झाली, किंवा स्नायू सुजून ताठरले, तर घरी वाट पाहू नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या घेऊ नयेत, कारण कोरड्या पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. तेल लावून रगडू नये. आई मायेने रगडते, पण सुजलेल्या स्नायूच्या पेशी त्याने आणखी फुटतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गावातल्या दवाखान्यात आधी गेलात तर सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी करण्याची विनंती करावी. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसते पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत, असे झाले तर ते मायोग्लोबिन असण्याची दाट शक्यता असते. यकृताच्या तपासणीतले एसजीओटी वाढलेले पाहून काही वेळा कावीळ समजली जाते. हे द्रव्य स्नायूतही असते, म्हणून कोणता व्यायाम, किती आणि कधी केला हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. लाजून लपवू नये. जे काही घेतले असेल त्याचा डबा सोबत न्यावा. त्या मुलाला डॉक्टरांनी पावडरमध्ये काय होते असे तीनदा विचारले, आणि त्याच्यापाशी सांगायला पुडीच्या कागदाशिवाय काही नव्हते.

बरे झाल्यावर परतायची घाई करू नये. सीपीके पूर्ववत होईपर्यंत आणि लघवी स्वच्छ होईपर्यंत विश्रांती, मग चालणे, मग हलके धावणे, आणि भार सर्वांत शेवटी, तोही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. हा मार्ग आठवड्यांचा असतो. पुन्हा तसेच झाले किंवा घरात कोणाला असा त्रास झालेला असेल, तर स्नायूंच्या जन्मजात दोषांची तपासणी करावी लागते.

तो मुलगा जूनच्या अखेरीस, पहिल्या पावसानंतर मैदानावर आला. मी त्याच्या समोर उभा राहून बैठका मोजल्या आणि दहाव्याला हात वर केला. आणखी मारू का, असे त्याने विचारले; मी नाही म्हणालो. पुढचे तीन दिवस उठल्या उठल्या मला फोन करायचा, असे ठरले होते. पहिल्या दिवशी सव्वापाचला फोन वाजला आणि तो नमस्कार न करताच म्हणाला, "सर, पाण्यासारखी आहे."